अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीची वही

जळगाव : अमेरिकेतील ॲमहर्स्ट गावी १८८६ मध्ये एमिली डिकिन्सन निवर्तली, तेव्हा तिच्या डझनभरही कविता छापून आलेल्या नव्हत्या. पुढे धाकटी बहीण लाव्हिनियाला तिच्या खोलीत हाताने शिवलेल्या वह्या सापडल्या आणि सुमारे अठराशे कवितांचा ठेवा जगासमोर आला. मृत्यूनंतर लाभलेल्या अशा कीर्तीचे उदाहरण शोधण्यासाठी खान्देशवासीयांना मात्र इतके दूर जावे लागत नाही.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे येथे, उखाजी महाजन यांच्या शेतकरी घरात झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी विवाह झाला आणि तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले. शेतीची कामे, दळणकांडण आणि सणवार यांच्या रगाड्यात त्यांच्या ओव्या जन्मल्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. ओवी जात्यावर सुचे आणि तिथेच विरून जाई. त्यांपैकी जेवढ्या पुत्र सोपानदेव आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी ऐकून टिपून घेतल्या, तेवढ्याच उरल्या. गेल्या किती, याचा हिशेब कोणी मांडणार नाही.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. सोपानदेव स्वतः नामवंत कवी. तरीही आईच्या रचना लोकांपुढे ठेवण्यास ते बिचकत होते. अखेर त्यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे हरखून गेले. हे धन दडवून ठेवणे हा महाराष्ट्राचा अपराध ठरेल, असे त्यांनी बजावले आणि १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाले. त्या पहिल्या आवृत्तीत अवघ्या ३५ कविता होत्या. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटाने त्यांतील काही रचना घरोघरी पोहोचवल्या. (तुकारामशिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातील. दोघींची गल्लत आजही होते.)

त्यांच्या भाषेविषयीही असाच घोळ आहे. धुळ्याकडे बोलली जाणारी अहिराणी आणि जळगाव, यावल, रावेर पट्ट्यातील लेवा गणबोली या सख्ख्या शेजारणी. पण बहिणाबाईंची बोली लेवा. 'ळ' च्या जागी 'य' येतो, म्हणून जळगावचे 'जयगाव' होते. हा उच्चार हरवला की गाण्याचा अर्धा गोडवा ओसरतो.

आणि इथेच डिकिन्सनशी असलेले साम्य संपते. १८९० च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी तिची विरामचिन्हे आणि शब्दही बदलले होते. परंतु तिचे हस्ताक्षर शिल्लक असल्याने १९५५ मध्ये थॉमस जॉन्सन यांना मूळ पाठ पुन्हा छापता आला. बहिणाबाईंच्या बाबतीत ताडून पाहायला मूळ हस्तलिखितच नाही; ऐकणाऱ्याच्या कानाने जे पकडले, तोच पाठ. सोपानदेव आणि पितांबर यांच्या चिकाटीचे मोल त्यावरून कळावे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी जळगावातील एका छापखान्यावरही कविता रचली आहे. छापला गेल्यावर कोरा कागदसुद्धा शहाणा होतो, मग माणूसच वेडा कसा राहतो, असा त्यांचा त्यात प्रश्न आहे.