वाघाच्या वाटेवरचा मुक्काम

सेलू मागे टाकून गाडी हिंगणीच्या रस्त्याला लागली की सुरुवातीला दोन्ही बाजूंना नुसती शेतंच दिसतात. कपाशी, तूर, मधेच एखादी केळीची बाग. मग रस्ता चढणीला लागतो, बांधावरचे पळस दाटू लागतात, सागाची पानं गाडीच्या काचेपर्यंत येतात आणि एका वळणापलीकडे बोर धरणाची मातीची भिंत दिसते. वर्ध्याहून हे अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. नागपूरहून भल्या सकाळी निघालेलं कुटुंब न्याहारीला इथे पोहोचू शकतं. हिवाळ्याच्या सुट्टीत डिकीत तंबू, सतरंज्या आणि गॅसची शेगडी टाकून निघालेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तंबू ठोकायचा कुठे?

याचं उत्तर बोरच्या भूगोलात आहे.

बोर अभयारण्य १९७० सालचं. २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक म्हणून त्याचं नाव झालं. गाभा क्षेत्र अवघं १३८ चौरस किलोमीटर. पण नकाशा जरा लांबून पाहिला की या लहानशा जंगलाचं मोल कळतं. ईशान्येला पेंच, पूर्वेला नवेगाव-नागझिरा, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला आणि त्यापलीकडे ताडोबा, पश्चिमेला मेळघाट, वर सातपुडा. या सगळ्यांच्या मधोमध बोर. आईपासून वेगळा झालेला तरुण वाघ स्वतःचं राज्य शोधायला निघतो, तेव्हा नाल्यानाल्यांनी, शेतांच्या कडेनं, रात्रीच्या अंधारात तो असाच कुठूनतरी इथे येतो. काही इथेच राहतात, काही पाणी पिऊन, शिकार करून पुढे जातात. बोर हा वाघांच्या प्रवासातला मुक्काम आहे.

हा प्रवास किती जोखमीचा आहे ते २०१७ या एकाच वर्षात दोनदा दिसलं. त्या वर्षी जुलैत ब्रह्मपुरी भागात पकडलेल्या एका वाघिणीला रेडिओ कॉलर लावून बोरमध्ये सोडण्यात आलं. ती थांबली नाही. गावं, शेतं, रस्ते ओलांडत अडीच महिन्यांत ती सुमारे ५०० किलोमीटर चालली. तिच्या वाटेत माणसांचेही बळी गेले. अखेर ऑक्टोबरमध्ये कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या सिंदीविहिरीजवळ शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्यानं ती मेली. डिसेंबरच्या शेवटी बोरचा प्रसिद्ध वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत गेला. एक शेताच्या कुंपणापाशी, दुसरा डांबरी रस्त्यावर. दोघंही जंगलाच्या हद्दीबाहेर.

म्हणून बोरच्या जंगलात वाटेल तिथे गाडी थांबवून तंबू ठोकता येत नाही. गाभा क्षेत्रात प्रवेश फक्त ठरलेल्या वेळी, परवाना घेऊन, सफारीच्या वाहनातून आणि सोबत वाटाड्या असतानाच. पावसाळ्यात तोही बंद. रात्र काढायची ती बोरधरण परिसरातल्या निवासस्थानांत किंवा जंगलाबाहेरच्या शेतांवर, मालकाला विचारून. जंगलात मोकळ्या आभाळाखाली रात्र घालवण्याची हौस असेल, तर बुद्धपौर्णिमेची वाट पाहावी. वैशाखात पाणवठे आटत आलेले असतात, चांदणं लख्ख असतं आणि वनविभाग नोंदणी केलेल्या निसर्गप्रेमींना पाणवठ्यालगतच्या मचाणांवर बसवतो. रात्रभर तिथे बोलायचं नाही, विजेरी लावायची नाही, खाली उतरायचं नाही. पाण्यावर कोण आलं, किती वाजता आलं, हे कागदावर लिहायचं. अस्वल, चितळ, सांबर, गवा, नशीब असेल तर वाघ. पण रात्रीच्या शांततेत रानकोंबड्याच्या पावलांनी वाजलेला पाचोळाही छातीत धडकी भरवतो.

उघड्यावर रात्र काढणं वर्धा जिल्ह्याला तंबूच्या दुकानांनी शिकवलेलं नाही. तूर-हरभरा दाण्यात आला की इथला शेतकरी जागलीला जातो. शेतात चार खांबांचं मचाण, वर पऱ्हाट्यांचं नाहीतर ताडपत्रीचं छप्पर, घोंगडी, विजेरी आणि वाजवायला रिकामा डबा. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून पीक राखायचं म्हणजे थंडीत रात्री डोळ्यांत तेल घालून काढायच्या. ही जागल नकोशी झाली की काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात, आणि त्यात रानडुकरासाठी लावलेल्या तारेला वाघ चिकटतो, कधी शेजारचा माणूसही. हलका झटका देऊन सोडणारं सौर कुंपण हा त्यावरचा सुरक्षित मार्ग. पाहुण्यानं शेतावर मुक्काम करताना अंधारात कुंपणाला हात लावायचा नाही, हा नियम इथे प्राणांशी बांधलेला आहे.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर मुक्कामाची आणखी जुनी गोष्ट ऐकायला मिळते. इथे शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे. माल घेऊन जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले, असं आख्यायिका सांगते. ते शरण आले तेव्हा फकिरानं वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. मग ते व्यापारी तिथेच सेवेला राहिले. टेकडीवर आजही जायफळासारखे गोल खडे सापडतात. भूशास्त्राच्या भाषेत ते झिओलाइटचे गोटे. लाव्हारस थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्या खनिजांनी भरल्या, आणि बाहेरचा काळा बेसाल्ट झिजून गेल्यावर आतले गोटे तेवढे उरले. व्यापाऱ्यांचे तांडे या मुलखातून जात, इथे थांबत, म्हणूनच कदाचित दगडांची गोष्टही मालवाहू माणसांची झाली. जवळच वायगावची हळद पिकते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. परतीच्या पिशवीत ती हवीच.

उत्तरेकडे, आर्वी-कारंजाच्या डोंगराळ पट्ट्यात, रस्त्याचा इतिहास बैलाच्या रूपात जिवंत आहे. पांढरा, हलक्या अंगाचा, चपळ गवळाऊ हा इथल्या नंदगवळी समाजानं जपलेला गोवंश. चढउताराच्या वाटेवर वेगानं जायचं तर जड बैल कामाचे नाहीत. रेंगी-दमणीसारख्या हलक्या गाडीला गवळाऊ जुंपला की माणसं भरभर मुक्कामी पोहोचत. हेटीकुंडीला या गोवंशाचं सरकारी पैदास केंद्र आहे.

आणि मुक्कामाला काय खायचं? वैदर्भीय माणसाला हा प्रश्न पडत नाही. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, तिचे रोडगे, आणि गोवऱ्यांचा जगरा. धग बसली की रोडगे त्यात पुरायचे, तासाभरानं काढून राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मात्र हा जगरा शेतात, उघड्या मातीवर आणि पाण्याची बादली शेजारी ठेवूनच पेटवावा. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत सागाचा पाचोळा नुसत्या ठिणगीनं पेट घेतो. जंगलाच्या कडेला पेटवलेली चूल म्हणजे वणव्याला दिलेलं आमंत्रण.

या जिल्ह्यातून निघालेला सर्वांत मोठा प्रवासी तर पायी गेला. मार्च १९५१ मध्ये विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला चालत निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली आणि पवनारला काढलेला एक पावसाळा सोडला तर मग चालणं थांबलंच नाही. रोज नवं गाव, रोज नवा मुक्काम, असं करत पवनारला ते परतले एप्रिल १९६४ मध्ये. धाम नदीच्या काठावरचा त्यांचा परमधाम आश्रम वर्ध्याहून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. नदीच्या खडकांवर सकाळी बसलं की तेरा वर्षं चालून आलेल्या माणसाला हीच जागा का हवीशी वाटली असेल, ते उमगतं. तिकडे सेवाग्रामला, १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले तेव्हा सेगाव म्हणवल्या जाणाऱ्या गावात, माती, बांबू आणि कवेलूंची बापूकुटी आहे. तंबूत किती सामान न्यावं हे ठरवण्यापूर्वी ती एकदा पाहावी.

आजच्या प्रवाशाला रस्ते भरपूर आहेत. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. येळाकेळीला उतरलं की वर्धा आणि सेलू दोन्ही जवळ. या महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, त्यामुळे मोटारसायकलवाल्यांनी बुटीबोरी-सेलूचा जुना रस्ता धरावा. वाटेत केळझरचा गणपती लागतो. समृद्धीवर वन्यप्राण्यांना ओलांडता यावं म्हणून भुयारी आणि वरून जाणारे मार्ग बांधले आहेत. गावच्या रस्त्यांवर तशी सोय नाही. तिथे गाडीचा वेग हाच वाघाचा बचाव. हिंगणी-बोरधरण रस्त्यावर सूर्यास्तानंतर विनाकारण फिरू नये, फिरावं लागलं तर ताशी तीस-चाळीसच्या वर जाऊ नये. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जंगलाच्या कडेच्या शेतकऱ्यानं चार तंबूंपुरती जागा, स्वच्छतागृह आणि जेवण दिलं, तर जागलीच्या रात्रीला मिळकतीची जोड मिळू शकते.

तीन दिवस हातात असतील तर पहिला दिवस सेवाग्राम-पवनार, दुसरा बोर, तिसरा गिरड-वायगाव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पळस फुललेला पाहायचा तर होळीच्या आधी. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो, तेव्हा तंबूत दुपार काढता येत नाही. पाणी घरून न्यावं, कचरा घरी आणावा.

डिसेंबरात हिंगणीच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याच्या शेतात रात्र लवकर गडद होते. जगरा विझत आलेला असतो, मुलं तंबूत शिरलेली असतात. पलीकडच्या मचाणावरून जागल्या डबा वाजवून हाळी देतो, दूरच्या शेतातून तिला उत्तर येतं. मग टेकडीवर चितळ ओरडतं. तंबूबाहेरचं बोलणं थांबतं. थोड्या वेळानं तसाच आवाज खालच्या नाल्यावरून येतो, मग त्याहून पुढच्या झाडोऱ्यातून, आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकत ऐकू येईनासा होतो. मचाणावरची विजेरी नाल्याच्या कडेनं एकदा फिरते आणि मालवते.