शेवटच्या थेंबाचा हिशेब

फ्लास्कमध्ये पन्नास मिली पाणी. संग्रामपूर तालुक्यातल्या एका हातपंपाचं, दिसायला अगदी निवळ. बाटली आणून देणाऱ्या आजींची तक्रार मात्र ठाम होती : "या पान्यात डाय शिजत नाही, बाप्पा."

पूर्णेच्या काठचा हा खारपाणपट्टा. खारटपणा मुख्यतः मिठाचा. डाळ अडून बसते ती जडपणामुळे, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. प्रयोगशाळेतल्या ताईंनी पाण्यात बफर घातलं, अमोनियाचा वास नाकात शिरला. मग चिमूटभर काळी पूड, आणि पाणी कोकम सरबतासारखं लाल. वर ब्युरेटमध्ये ईडीटीए, हे दोन्ही धातू पकडणारं रसायन. आधी धार सोडली. लालीत जांभळट झाक आली तशी तोटी आवळली. एक थेंब, फ्लास्क हलवायचा, पुन्हा एक थेंब. "आकड्याकडे नका पाहू, रंगाकडे पाहा," ताई म्हणाल्या, तोवर सगळं पाणी निळं झालं होतं.

या पद्धतीत ईडीटीएच्या दर मिलीला जडपणाचे वीस मिलिग्रॅम धरतात. 24 मिली लागले तर जडपणा लिटरला 480 मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार 200 पर्यंत उत्तम; दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं. पण यात दोन्ही धातू एकत्र मोजले जातात. म्हणून दुसरा फ्लास्क : त्यात कॉस्टिक सोडा घातला की मॅग्नेशियम साक्यात जाऊन बाजूला होतं आणि कॅल्शियम एकटं मोजता येतं. वजाबाकी केली की उरतं ते मॅग्नेशियम.

आधी एकत्र, मग वेगळं. मूत्रपिंडाची रीतही काहीशी हीच. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव त्यातून गाळला जातो. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकेला मध्ये एक वळण असतं, हेन्लेचं वळण. त्याच्या जाड भागात दोन्ही धातू पेशींच्या फटींतून, एकाच वाटेनं रक्तात परततात. मॅग्नेशियमचा तर मोठा वाटा इथेच वाचतो. पुढे, नलिकेच्या शेवटाकडे, दोघांची दारं वेगळी होतात. तिथे उरलेलं असतं जेमतेम पाच-दहा टक्के, पण लघवीत किती सोडायचं हे तिथेच ठरतं. तोटी आवळून थेंब मोजण्याची जागा तीच.

कॅल्शियमच्या तोटीवर हुकूम चालतो तो गळ्यातल्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचा. शरीरात सुमारे किलोभर कॅल्शियम, त्यातलं 99 टक्के हाडादातांत. रक्तात मात्र डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम एवढंच चालतं. ते घसरलं की ग्रंथींचा स्राव वाढतो, हाडांतून उचल होते, मूत्रपिंड गळती कमी करतं आणि 'ड' जीवनसत्त्वाला अखेरचं, कामाचं रूप देतं. त्याच्या जोरावर आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढून घेतं. म्हणजे आतड्याच्या दाराची किल्ली मूत्रपिंडात घडते.

मॅग्नेशियमला असा खास पहारेकरी नाही. आतडं त्याचा काही भागच घेतं. फार झालं तर ते आतच राहतं, पाणी ओढतं आणि पोट ढाळतं. मॅग्नेशियम सल्फेट हे जुलाबाचं जुनं औषध आहे ते याच गुणामुळे. रक्तात पोचलेलं जास्तीचं मॅग्नेशियम काढून टाकायची भिस्त मग मूत्रपिंडावरच.

मूत्रपिंड थकलं की हा हिशेब कोलमडतो. 'ड' जीवनसत्त्वाचं कामाचं रूप कमी बनतं, आतडं कॅल्शियम कमी घेतं, ग्रंथी जोर लावतात आणि भुर्दंड हाडांना बसतो. पुढे डायलिसिसची वेळ आली, तर चार तासांच्या एका खेपेला सुमारे 120 लिटर द्रव लागतो. त्यासाठीच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी पार काढून टाकतात आणि मग डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानं तेच दोन्ही धातू पुन्हा त्यात घालतात.

ताईंनी रजिस्टरात दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले, ब्युरेट धुतलं आणि पुढच्या बाटलीचं झाकण उघडलं.