तपासणीचीच तपासणी

कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, याची नोंद फाइल सिस्टिम ठेवते: अमुक क्रमांकाच्या ब्लॉकपासून सलग इतके ब्लॉक. अशा सलग तुकड्याला एक्स्टेंट म्हणतात. वीज अचानक गेली, डिस्क खराब होऊ लागली किंवा सॉफ्टवेअरच चुकले, तर या नोंदी बिघडतात. त्या एकमेकींशी ताडून सरळ करण्यासाठी लिनक्समध्ये एक्स्ट४साठी ई२एफएससीके आणि एक्सएफएससाठी एक्सएफएस_रिपेअर हे प्रोग्रॅम आहेत. बिघडलेल्या डिस्कवरच चालायचे असल्याने समोर येणारा कोणताही आकडा खोटा असू शकतो, असे त्यांना धरूनच चालावे लागते. शिवाय ते सहसा रूटच्या अधिकाराने चालतात. मुद्दाम रचलेल्या फाइल सिस्टिममुळे, ई२एफएससीके ज्यात येते त्या ई२एफएसप्रॉग्ज या पॅकेजच्या १.४६.५ आवृत्तीत मेमरीच्या हद्दीबाहेर वाचन-लेखन होऊ शकते, हे २०२२ मध्ये नोंदले गेले. म्हणूनच अशा प्रोग्रॅममधल्या हद्दतपासणीची एखादी ओळ बदलणारा पॅच आला, की तो सावकाश वाचावा लागतो.

३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. तिच्यात एक मिळवला की जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरसारखे सारे आकडे शून्यावर येतात. याला ओव्हरफ्लो म्हणतात.

समजा, डिस्कवर १०,००,००० ब्लॉक आहेत आणि एका बिघडलेल्या नोंदीत एक्स्टेंटची सुरुवात ४,२९,४९,६७,००० व लांबी ५०० अशी आहे. सुरुवात अधिक लांबी एकूण ब्लॉकपेक्षा जास्त आहे का, असे जुना कोड विचारतो. खरी बेरीज ४,२९,४९,६७,५०० होते, पण ३२ बिटांत तिचे २०४ उरतात. दोनशे चार दहा लाखांपेक्षा लहान, म्हणून नोंद बिनदिक्कत आत जाते. तपासणी मुळीच नसती, तर निदान कुणाला तिचा भरवसा तरी वाटला नसता.

यावरचा परिचित उपाय म्हणजे बेरजेऐवजी वजाबाकी: एकूण ब्लॉकमधून सुरुवात वजा करायची आणि लांबी त्या बाकीपेक्षा मोठी असेल तर नोंद नाकारायची. पॅचमध्ये एवढेच असेल, तर रिव्ह्यू करणाऱ्याने वरचेच आकडे पुन्हा घालून पाहावेत. दहा लाखांतून ती प्रचंड संख्या वजा केली की उत्तर शून्याखाली जाते, आणि ऋण संख्या न धरणाऱ्या ३२ बिटांत ते १०,००,२९६ दिसते. लांबी ५००, नोंद पुन्हा आत. आधी सुरुवात एकूण ब्लॉकपेक्षा लहान असल्याची खात्री आणि नंतरच वजाबाकी, या क्रमानेच हा उपाय खरा ठरतो. बदललेली ओळ वाचून हे कळतेच असे नाही, कारण पहिली अट कधी वीस ओळी वर असते, तर कधी नसतेच.

गुणाकारात हीच चूक वेगळ्या वेषात येते. १०,४८,५७६ या ब्लॉकक्रमांकाला ४,०९६ बाइटांनी गुणले, तर ३२ बिटांत उत्तर शून्य येते, म्हणजे थेट डिस्कचा आरंभ. उत्तर ६४ बिटांच्या चलात ठेवूनही उपयोग नाही. दोन्ही संख्या ३२ बिटांच्या असतील, तर सी भाषेत गुणाकार आधी ३२ बिटांतच उरकतो. गुणण्यापूर्वीच एक संख्या ६४ बिटांची करावी लागते.

ऋण-धन दोन्ही धरणाऱ्या संख्यांत तर ओव्हरफ्लो झाल्यास काय व्हावे, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेलेच नाही. त्यामुळे ‘बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान झाली का’ ही अट कधीच खरी होणार नाही असे मानून कंपायलर ती काढून टाकू शकतो. कोडमध्ये दिसणारी तपासणी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नसते. जीसीसी या कंपायलरच्या ५ या २०१५ च्या आवृत्तीपासून बेरीज करून ओव्हरफ्लो झाला का हे सांगणारी अंगभूत फंक्शन्स मिळतात. शक्य तिथे हाताने लिहिलेल्या अटीपेक्षा तीच बरी.

सर्वांत जास्त काळजी मात्र उलट्या बाजूची घ्यावी लागते. सुरुवात ९,९९,५०० आणि लांबी ५०० असलेला एक्स्टेंट ९,९९,९९९ या शेवटच्या ब्लॉकवर संपतो. तो पूर्णपणे निर्दोष आहे. अटीत ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘इतका किंवा जास्त’ आले, तर तो दोषी ठरतो. इतर प्रोग्रॅम अशा वेळी एरर देऊन थांबेल, आणि कोड सुधारला की फाइल पुन्हा उघडेल. दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम ती नोंदच पुसू शकतो. बेरजेतली चूक झाकण्याच्या घाईत अट नको तितकी कडक झाली, तर धडधाकट फाइलचा शेवटचा भाग कायमचा जाईल. वाईट नोंदी अडल्या, एवढ्यावर पॅच मान्य करणे म्हणून अपुरे आहे.

यासाठी हद्दीच्या आतला शेवटचा, हद्दीबाहेरचा पहिला आणि बेरीज उलटवणारा, असे तिन्ही आकडे असलेल्या छोट्या डिस्क-प्रतिमा पॅचसोबत मागाव्यात. ई२एफएसप्रॉग्जमध्ये अशा बिघडवलेल्या प्रतिमांचा मोठा संच आहे. तिथे ई२एफएससीके एकाच प्रतिमेवर दोनदा चालवून दोन्ही वेळची अपेक्षित उत्तरे ताडली जातात: पहिल्या फेरीत दोष सापडून दुरुस्त व्हायला हवेत, दुसऱ्या फेरीत सापडण्यासारखे काही उरता कामा नये.