बोट घ्यायचीय? मग आधी फूट मोजा



उन्हाळा आला की आपल्यापैकी कुणाला तरी बोट घ्यायची हुक्की येतेच. मग "केवढ्याला पडते?" अशी विचारपूस सुरू होते. खरं तर आधी "केवढी?" ते ठरवावं.

लांबी दीडपट म्हणजे बोट दीडपट, असं नसतं. रुंदी-उंचीही त्याच प्रमाणात वाढली तर वजन तिपटीच्या वर जातं. मरीनाचं भाडंही बहुधा फुटावर लागतं. म्हणून घरी ट्रेलरवर ठेवायची असेल तर रुंदी साडेआठ फुटांच्या आत हवी. त्यापुढे रस्त्यावर न्यायला परमिट लागतं. गाडीची ओढायची ताकद बघताना ट्रेलर, इंजिन, पेट्रोल सगळं धरा.

आता माणसं. अमेरिकेत २० फुटांखालच्या मोटरबोटीवर माणसं आणि वजनाची पाटी असते. नसेल तर लांबी गुणिले रुंदी भागिले १५. १८ फुटी, साडेसात फूट रुंद बोट म्हणजे नऊ जण. पण हा आकडा शांत हवेतला. आणि लहान मुलं, पाहुणे "मावतील हो" म्हणून चढवायचे नाहीत. ही काही एसटी नव्हे.

चेसापीक बे सरासरी जेमतेम २१ फूट खोल. वारा सुटला की बुटक्या, खड्या लाटा लागोपाठ येतात, १६ फुटी बोट नुसती आपटते. चौघांच्या कुटुंबाला तिथे मी २०-२२ फुटी सुचवीन. सर्व्हर आपण पीक लोड बघून घेतो. बोट मात्र नेहमीच्या माणसांपुरती घ्यावी. आई-बाबा, सासू-सासरे एकदम आले तर त्या दिवसापुरती मोठी भाड्याने मिळते.