कापलेले दहा टक्के गेले कुठे?

नोकरदार मंडळींचं बरं असतं. जूनमध्ये एचआरचा मेल येतो, सोबत फॉर्म १६. तो सीएकडे फॉरवर्ड केला की विषय संपला! आम्हा फ्रीलान्सर्सच्या वाट्याला येतो तो फॉर्म १६ए. तोही एक नाही. टॅक्स कापणारे क्लायंट जितके, तितक्यांकडून दर तिमाहीला एक. आणि तो आपणहून येईल, या भ्रमात राहू नका.

ऑफिस सांभाळून वीकएंडला लोगो करणाऱ्यांनो, वेबसाइट बनवणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे.

बिल दिलं ६० हजारांचं, खात्यात आले ५४ हजार. वरचे सहा हजार म्हणजे टीडीएस. एकाच कंपनीकडून वर्षभरात मिळणारी प्रोफेशनल फी ५० हजारांच्या वर गेली की १९४जे कलमाखाली साधारण दहा टक्के कापले जातात (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३० हजार होती). पॅन दिला नसेल तर थेट २० टक्के. काम कंत्राट म्हणून धरलं तर १९४सी लागतं आणि एकट्या माणसाला एकच टक्का. त्यामुळे १६ए हातात आल्यावर कलम कोणतं लावलंय, हे आधी बघायचं.

‘कापले ना, मग गेले’ असं समजून गप्प बसणारे माझ्या ओळखीत ढीगभर आहेत. अहो, ते पैसे तुमचे आहेत! साधा हिशोब बघा. २०२५-२६ या वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर टॅक्स शून्य (शेअर्सच्या नफ्याचं गणित वेगळं). फ्रीलान्सिंगचे सहा लाख ही तुमची एकूण कमाई असेल आणि त्यातले ६० हजार कापले गेले असतील, तर सगळेच्या सगळे परत मिळतात. पण रिटर्न भरलं तरच.

उलटंही होतं. पगारामुळे तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर वीकएंडच्या कमाईवर कापलेले दहा टक्के पुरत नाहीत, वरचे तुम्हालाच भरावे लागतात. लपवायचा तर प्रश्नच नाही. नोव्हेंबर २०२१ पासून पोर्टलवर एआयएस आहे, तुमच्या नावावर कोणी किती दिले याची कुंडलीच. आणि फ्रीलान्सिंगची ही कमाई आयटीआर-१ मध्ये बसत नाही, बरं का.

आता मुद्द्याचं. १६ए क्लायंट देतो. २६एएस हे सरकारदरबारचं तुमचं पासबुक. दोन्ही जुळायला हवेत. गेल्या वर्षी एका इव्हेंट कंपनीने माझ्या बिलातून दहा टक्के कापले, पण २६एएसमध्ये एक रुपया दिसेना. अकाउंट्सवाल्याचं एकच पालुपद, ‘भरलेत मॅडम’. मी १६एच मागितला, तोही ट्रेसेसवरून डाउनलोड केलेला, एक्सेलमध्ये टाइप केलेला नाही. मग कळलं, पैसे खरंच भरले होते, पण तिमाही स्टेटमेंट भरलंच नव्हतं. नुसत्या चलानवर तुमचा पॅन नसतो हो! कोणाचे किती कापले, हे स्टेटमेंटमध्येच लिहिलेलं असतं. ते भरलं आणि काही दिवसांत नोंद झाली. शेजारच्या रकान्यात ‘एफ’ दिसला की निश्चिंत व्हा. ‘यू’ असेल तर चलान जुळलेलं नाही, पुन्हा फोन लावा.

आणि कंपनीने कापून पैसे भरलेच नाहीत तर? आयकर कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे कापलेला टॅक्स खातं तुमच्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही. एका पगारदाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितलं. अर्थात कॉम्प्युटरला हे कळत नाही, तो नोटीस पाठवतोच. तेव्हा बिल, बँक स्टेटमेंट आणि ‘टीडीएस कापून’ असं लिहिलेला मेल, तिन्ही जपून ठेवा.

क्लायंट अमेरिकेतला असेल तर १६ए विसरा. तिकडे फ्रीलान्सरच्या कमाईचा फॉर्म १०९९-एनईसी असतो, पण तो तिथल्या करदात्यांसाठी. पुण्यात बसून कोडिंग करणाऱ्याकडून ते डब्ल्यू-८बेन भरून घेतात. टॅक्स मात्र इथे लागतोच, कागद नसला तरी.

आणखी एक फंडा, ४४एडीए. डिझाइनचे, कोडिंगचे मित्र सर्रास सांगतात, निम्मी कमाई नफा म्हणून दाखव, हिशोबाच्या वह्या नकोत. सोय झकास आहे, पण ठरावीक व्यवसायांनाच. वकील, डॉक्टर, इंजिनीअर, आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, आयटीवाले, सिनेमाचे कलाकार यादीत आहेत. पत्रकारितेचं नाव नाही! त्यामुळे आम्ही लेखणीवाल्यांनी सीएला विचारूनच काय ते ठरवावं.

आणि हो, १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला आयकर कायदा, २०२५ लागू. कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा नव्या कागदांवर १९४जे शोधत बसू नका. पॅन आणि रक्कम तेवढी ताडून बघा.