गेटवरचे पाय आणि पगाराची स्लिप

आळंदी-चाकण पट्ट्यात आपली बरीच माणसे सिक्युरिटीला आहेत. बारा-बारा तास गेटवर उभे राहिले की घोटे सुजतात, पोटरीच्या शिरा फुगतात. पोटरी हलली तरच पायातले रक्त वर ढकलले जाते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने टाचा वीसदा उचला, चार पावले चाला. एकाच पायाला अचानक सूज येऊन दुखू लागले तर चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंगावर काढू नका, रजा बुडते म्हणूनही नको. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय असते. पगारातून पाऊण टक्का कापतात. नियमाप्रमाणे हप्ते भरलेले असले की आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. "कार्ड नंतर देतो" हे मी फार ऐकले. स्लिपवर विमा नंबर आहे का, आजच बघा.