शिरूर–दौंडचे महामार्ग: आकडा वाचावा कसा?

राष्ट्रीय महामार्ग १६० (उत्तर–दक्षिण): सिन्नर, शिर्डी, अहिल्यानगर, काष्टी, दौंड, कुरकुंभ, बारामती, फलटण आणि पुढे दक्षिणेकडे. दौंडजवळ भीमा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो.

राष्ट्रीय महामार्ग ६५: पुणे–सोलापूर–हैदराबाद–मच्छलीपट्टणम. जुना क्रमांक ९. दौंड तालुक्यात यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. १६० आणि ६५ यांची गाठ कुरकुंभला पडते.

राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ: पुणे–शिरूर–अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर. शिरूरला घोड नदी हीच जिल्ह्याची हद्द. नदीवरूनच गावाचे जुने, आजही बोलण्यातले नाव घोडनदी.

क्रमांकांचा नियम
- सध्याची पद्धत २०१० पासूनची.
- मुख्य महामार्गांत सम आकडा म्हणजे उत्तर–दक्षिण, विषम म्हणजे पूर्व–पश्चिम.
- तीन आकडी क्रमांक हा फाटा. शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे: १६० हा पुणे–नाशिक–धुळे या ६० चा, ७५३ एफ हा ५३ चा.

इतिहास
- शिरूरला इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, वाटेवरच्या कोरेगाव भीमा येथे लढाई झाली. पुणे–नगर रस्त्याच्या इतिहासातली ही महत्त्वाची नोंद.
- दौंडला उत्तर–दक्षिण दुवा आधी रुळांनी दिला. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला.

दोन्ही तालुक्यांना जोडणारा रस्ता: शिरूर–न्हावरे–चौफुला. पुण्यात न शिरता नगर रस्त्यावरून सोलापूर रस्त्याला लागता येते.